कोमट म्हणजे किती?

रात्रीचे पावणेतीन. स्वयंपाकघरात मी, आई आणि ओट्यावर बाटली गरम करायचं ते यंत्र. त्याच्या पडद्यावर हिरव्या अक्षरात ३७. म्हणजे झालं, अंगाइतकं तापमान, आता बाटली उचलायची आणि पळायचं. तेवढ्यात आईने बाटली माझ्या हातातून घेतली, उलटी केली, मनगटावर दोन थेंब पाडले आणि निकाल दिला, "गार आहे."

"आई, सदतीस आहे. बरोब्बर सदतीस."

"असेल. पण गार आहे."

आतून कन्येचा आवाज टिपेला पोचलेला आणि त्याच्यावर बायकोचा, "अहो आई, कोणीतरी एक काय ते ठरवा आणि बाटली आणा!"

कन्यारत्न तीन आठवडे आधीच अवतरलं. वजन कमी, अंगावरचं दूध पुरेना, म्हणून डॉक्टरांनी काही दिवस वरचं दूध द्यायला सांगितलं. वरचं म्हणजे डब्यातली पावडर. आता आयटीवाल्याला प्रोसेस दिली की तो काय करणार? ऑप्टिमाइझ करणार! रात्री अकरा वाजता दूध तयार करून मी यंत्रात ठेवून द्यायचो. त्याला 'कीप वॉर्म' असं एक बटण होतं. मध्यरात्री कन्या उठली की तयार कोमट दूध, शून्य सेकंदात डिलिव्हरी. मला स्वतःचा फार अभिमान वाटत होता.

सहाव्या आठवड्यात तिला जुलाब सुरू झाले. एवढंसं पोर, दिवसभरात पार मलूल झालं. आम्ही धावत डॉक्टरांकडे. त्यांनी शांतपणे तपासलं आणि विचारलं, "दूध कसं करता?"

मी लगेच, "बरोबर सदतीस अंशाला देतो डॉक्टर."

"ते नाही विचारलं. पावडर घालताना पाणी किती गरम असतं? केलेलं दूध किती वेळ राहतं? आणि उरलेल्याचं काय करता?"

पहिल्याचं उत्तर होतं, उकळून कोमट केलेलं पाणी. दुसऱ्याचं, कधी कधी चार तास. तिसऱ्याचं उत्तर मी दिलंच नाही, कारण कधीमधी आम्ही ते परत गरम केलेलं होतं. डॉक्टर रागावल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाळाच्या तोंडात जाताना दूध किती गरम आहे, हा त्यातला सगळ्यात कमी महत्त्वाचा प्रश्न आहे."

दोन-तीन दिवसांत पोर खडखडीत बरं झालं. जुलाब नेमके कशाने झाले ते कळलं नाही, आता कळणारही नाही. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आई मनगट घेऊन भांडत होती, मी आकडा घेऊन भांडत होतो आणि दोघंही चुकीच्या प्रश्नावर भांडत होतो? मग आपल्या सगळ्यांच्या डोक्यात हा 'तोंडाशी किती गरम' प्रश्न घातला कुणी? त्यानंतरचे दोन-तीन वीकांत याच शोधात गेले. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

* * *

बाळाला आईखेरीज दुसरं दूध पाजणं हा काही आधुनिक प्रकार नाही. जर्मनीत बव्हेरियामध्ये कांस्ययुगातल्या आणि लोहयुगातल्या लहान मुलांच्या कबरींत चोच असलेली छोटी मातीची भांडी सापडली आहेत. ब्रिस्टल विद्यापीठाच्या ज्युली डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या भांड्यांच्या मातीत मुरलेल्या स्निग्धांशाची तपासणी केली आणि २०१९ साली जाहीर केलं की त्यात रवंथ करणाऱ्या जनावरांचं दूध होतं. दिसायला कशी? आपल्याकडच्या बोंडल्याची मावसबहीण! (बोंडलं माहीत नसलेल्यांसाठी: चोचीचं छोटंसं वाटीसारखं भांडं, त्यातून बाळाला थेंब थेंब दूध पाजतात. आजीच्या ट्रंकेत शोधा.) पण ही भांडी कबरीत सापडली, हेही लक्षात ठेवायला हवं. ती ज्यांच्या तोंडाला लागली त्यातली ही मुलं जगली नव्हती.

आता एकदम अठराव्या शतकातल्या युरोपात येऊ. तिथल्या खात्यापित्या घरांत बाळाच्या खोलीत एक वस्तू दिसायला लागते, तिला फ्रेंचमध्ये 'व्हेय्यूझ' म्हणतात. चिनीमातीची पोकळ बैठक, आत तेलाचा छोटा दिवा, वर झाकणाचं भांडं. भांड्यात बाळाचं दूध किंवा पेज. दिवा रात्रभर मंद जळणार, खोलीत उजेडही राहणार आणि दूधही कोमट राहणार. हे वाचलं आणि मी खुर्चीत ताठ बसलो. अरे, हे तर माझं 'कीप वॉर्म' बटण! अडीचशे वर्षांत आम्ही फक्त तेलाच्या जागी वीज आणली होती.

त्या लोकांना दोष देता येत नाही. जंतू नावाची भानगडच माहीत नव्हती. आईचं दूध अंगाइतकं गरम असतं, तेव्हा बाळाला तेच मानवणार, इतका साधा तर्क. आणि तर्क म्हणून त्यात वाईट काय आहे? मीही तोच लावला होता.

एकोणिसाव्या शतकात रबर आलं. १८४५ साली अमेरिकेत एलायजा प्रॅट यांनी बाटलीच्या रबरी निपलचं पेटंट घेतलं. पुढे इंग्लंडमध्ये काचेच्या चपट्या बाटलीला लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला निपल, अशी बाटली भलतीच लोकप्रिय झाली. सोय अशी की बाटली पांघरुणात बाळाशेजारी ठेवली की ते आपलं आपण पीत राहणार, आई कामाला मोकळी. आणि उबेत असल्यामुळे दूधही कोमट. पण ती नळी आतून धुणार कशी? १८६१ साली इझाबेला बीटन यांचं गृहव्यवस्थेवरचं जाडजूड पुस्तक आलं, जे इंग्लंडमधल्या घराघरांत पोचलं. त्यातला सल्ला असा, की बाटलीला एकदा बोंड बसवलं की ते काढायची गरज नाही, साधारण पंधरवड्याने नवीन लावलं की पुरे. पंधरवडा! (बीटनबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. आमच्यासारख्याच, नव्या आणि आत्मविश्वासाने भरलेल्या.) या नळीच्या बाटल्यांना पुढे 'खुनी बाटल्या' असंच नाव पडलं. फ्रान्सने १९१० साली कायदा करून त्यांच्यावर बंदी घातली.

शनिवारच्या चहाला मी हे सगळं आईला सांगत होतो. जंतूंचं गणितही मांडून दाखवलं. अंगाइतक्या उबेत, भरपूर खायला असेल तर ई. कोलायसारखा जंतू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. अकरा ते पावणेतीन म्हणजे अकरा वेळा दुप्पट. एकाचे दोन हजार अठ्ठेचाळीस. हे झालं सगळं त्यांच्या सोयीचं असेल तेव्हाचं गणित, पण अंदाज यायला पुरेसं आहे. दोनाचे घात ऐकून आई जरा कंटाळली. मग एकदम कप खाली ठेवून म्हणाली, "अरे, मग ते विरजणच की!"

आता बोला! जे मला समजायला दोन वीकांत लागले ते तिने एका शब्दात संपवलं. विरजण लावताना आपण काय करतो? दूध उकळतो, मग कोमट होऊ देतो, बोट बुडवून बघतो, चमचाभर दही घालतो आणि उबेला झाकून ठेवतो. कढत दुधात विरजण मरतं, गार दुधात लागत नाही. कोमट दुधात रातोरात वाढतं. म्हणजे 'कोमट' हे जंतूंचं आवडतं तापमान असतं, हे प्रत्येक मराठी स्वयंपाकघराला कधीपासून माहीत आहे. फक्त दह्याच्या पातेल्यातलं हे ज्ञान आम्ही बाटलीला लावलं नव्हतं. दह्यात आपण आपल्या पसंतीचे जंतू मुद्दाम सोडतो. बाटलीत जे असतील ते.

* * *

ही गोष्ट प्रयोगशाळेत कळायला १८८० चं दशक उजाडलं, आणि बरंचसं घडलं म्युनिक शहरात. १८८५ साली तिथल्या थिओडोर एशेरिच नावाच्या तरुण बालरोगतज्ज्ञाने तान्ह्या बाळांच्या शीमधून एक जंतू शोधून त्याचं वर्णन केलं. वर गणितात आला तो ई. कोलाय म्हणजे हाच. ई म्हणजे एशेरिच. पुढच्याच वर्षी, १८८६ मध्ये, त्याच शहरातले कृषिरसायनशास्त्रज्ञ फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी बाळांच्या दुधासाठी एक उपकरण काढलं. (केमिस्ट्रीवाल्यांनो, होय, तेच प्रॅक्टिकलमधले सॉक्सलेट!) उपकरण म्हणजे काय, तर एक घोडी, तीत दिवसभराच्या सगळ्या बाटल्या, प्रत्येक बाटलीत एका वेळचंच दूध. बाटल्या भरलेल्या असतानाच उकळत्या पाण्यात ठेवायच्या. तोंडावर रबराची चकती. बाटली निवायला लागली की आत पोकळी तयार होऊन चकती आत खेचली जाते आणि बाटली आपोआप बंद होते. पाजायच्या वेळी एक बाटली घ्यायची, कोमट करायची, उघडायची. उरलं तर फेकायचं.

यातली गंमत लक्षात आली का? सॉक्सलेटने तोंडाशी असलेल्या तापमानाला हातच लावला नाही. त्याने त्याआधीची दोन तापमानं बदलली: एकदा भरपूर गरम करायचं आणि मग पाजेपर्यंत बंद ठेवायचं.

याची गरज किती होती ते कळायला त्या काळच्या शहरांकडे बघावं लागतं. बर्फाशिवाय, झाकणाशिवाय, उन्हातून तासन् तास गाडीवर फिरलेलं दूध. दर उन्हाळ्यात पॅरिस, न्यूयॉर्क, लंडनमध्ये तान्ह्या बाळांत अतिसाराची साथ यायची आणि तीत सर्वाधिक बळी वरच्या दुधावरच्या बाळांचे जायचे. उन्हाळा म्हणजे काय? सगळं शहरच कोमट!

१८९४ साली फ्रान्सच्या समुद्रकाठच्या फेकां या गावात डॉ. लेऑं द्युफूर यांनी 'गूत द ले', म्हणजे 'दुधाचा थेंब', नावाचं केंद्र सुरू केलं. आईने रोज यायचं, चोवीस तासांना लागतील तेवढ्या जंतुमुक्त बाटल्यांची टोपली घेऊन जायची, दुसऱ्या दिवशी रिकाम्या आणायच्या. बाळाचं वजनही नियमित व्हायचं. जिला अंगावर पाजता येतंय तिने तेच करावं, हा आग्रह आधी, टोपली नंतर. ही कल्पना इंग्लंडमध्ये १८९९ साली सेंट हेलेन्स गावात पोचली. अमेरिकेत तर १८९३ पासूनच मेसीज या दुकानाचे एक मालक नेथन स्ट्राउस यांनी न्यूयॉर्कच्या गरीब वस्त्यांत पाश्चराइझ केलेल्या दुधाची केंद्रं स्वतःच्या पैशाने उघडायला सुरुवात केली होती. पुढची कित्येक वर्षं हा माणूस पाश्चरीकरण सक्तीचं करा म्हणून भांडत राहिला. विरोध दूधवाल्यांचा तर होताच, काही डॉक्टरांचाही होता.

डॉक्टरांचा विरोध अगदीच बिनबुडाचा नव्हता. १८८३ साली लंडनच्या टॉमस बार्लो यांनी तान्ह्या मुलांतल्या एका विचित्र दुखण्याचा छडा लावला होता: पाय धरला की पोर किंचाळायचं, हिरड्यांतून रक्त. तो स्कर्व्ही निघाला, पूर्वी खलाशांना व्हायचा तो. आणि व्हायचा बहुतेक सुखवस्तू घरांतल्या, तयार खाद्यांवर आणि डब्यातल्या दुधावर वाढणाऱ्या मुलांना. पुढे न्यूयॉर्कच्या आल्फ्रेड हेस यांनी १९१० च्या दशकात दाखवलं की पाश्चराइझ केलेल्या दुधावरच्या मुलांनाही तो होतो आणि थोडा संत्र्याचा रस दिला की बरा होतो. दुधातलं आधीच थोडं असलेलं क जीवनसत्त्व उष्णतेने जात होतं. म्हणजे एक बग फिक्स करताना दुसरा घुसला होता. (आम्हाला हे नवीन नाही.) पण यावर उपाय दूध कच्चं ठेवणं हा नव्हता. दूध तापवायचं आणि गेलेलं जीवनसत्त्व वेगळं द्यायचं, हा होता.

* * *

मग मनगटाचं काय? ते कुठून आलं? मनगटावर थेंब पाडायची रीत नेमकी कुणाची ते सांगता येणार नाही, पण ती छापून घरोघरी पोचवणाऱ्यांपैकी एक मोठं नाव म्हणजे न्यूयॉर्कचे डॉ. ल्यूथर एमेट होल्ट. १८९४ साली त्यांनी मुलांचं संगोपन आणि आहार यावर एक छोटं पुस्तक काढलं. मुळात दाया आणि आयांच्या प्रशिक्षणासाठी लिहिलेलं, सगळं प्रश्नोत्तरांच्या रूपात. आजच्या भाषेत एफएक्यू! त्यात दूध साधारण अंगाइतकं गरम असावं असं सांगितलंय, आणि ते तपासायला निपलमधून काही थेंब मनगटाच्या आतल्या बाजूवर पाडावेत असंही. आयांनी निपल स्वतःच्या तोंडात घालून बघू नये, हा इशारा त्याच्याच जोडीला. पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, अमेरिकन आयांच्या दोन पिढ्या त्याच्यावर पोसल्या.

मनगटाची निवड चांगलीच आहे म्हणा. तिथली कातडी पातळ, आणि तिचं तापमान साधारण ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असतं. त्यामुळे ३७ चं दूध किंचित उबदार लागतं आणि ४५ चं चटकन कळतं. पण मनगट हा काही थर्मामीटर नाही. ते फक्त फरक सांगतं. हिवाळ्यात पावणेतीन वाजता आईचा गारठलेला हात आणि उन्हाळ्यात दुपारचा हात एकच निकाल देणार नाहीत.

होल्ट यांना १८९५ साली मुलगा झाला. त्याचं नावही एमेट होल्ट, ज्युनियर. तोही मोठा बालरोगतज्ज्ञ झाला. आणि १९६२ साली या ज्युनियर होल्टनी न्यूयॉर्कमध्ये सहकाऱ्यांबरोबर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना, म्हणजे ज्यांच्या बाबतीत सगळेच सगळ्यात जास्त घाबरतात त्यांना, फ्रीजमधलं थंड दूध पाजून त्यांनी कोमट दुधावरच्या बाळांशी तुलना केली. बाळं किती प्यायली, वजन कसं वाढलं, झोप कशी लागली, रडली किती. दखल घ्यावी असा फरक सापडला नाही! त्याआधी १९५८ मध्ये जे. पी. गिब्सन यांनीही १५० बाळांना थंड दूध देऊन त्यांच्या प्रतिक्रियांचा अहवाल दिला होता. तोवर अमेरिकन घरांत आणि इस्पितळांत फ्रीज स्थिरावले होते, त्यामुळे हा प्रश्न विचारण्यात अर्थ होता.

वडिलांनी छापलेला नियम मुलाने तपासला आणि तो नियम नव्हे, सवय आहे असं निघालं. आज अमेरिकेची सीडीसीसुद्धा सांगते की आईचं काढून ठेवलेलं दूध थंड, खोलीच्या तापमानाचं किंवा कोमट, कसंही देता येतं. बाळाला कोमट आवडत असेल तर जरूर द्या, सवयीचा प्रश्न आहे. (फार कमी दिवसांच्या, नळीने दूध घेणाऱ्या बाळांचं मात्र त्यांचे डॉक्टर ठरवतील, तिथे आपलं गूगलज्ञान चालवू नये.) वरची मर्यादा तेवढी कडक: भाजता कामा नये. मायक्रोवेव्ह घरोघरी आले तेव्हा १९८० च्या दशकात बाळांची तोंडं भाजल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत यायला लागल्या. मायक्रोवेव्हमध्ये बाटली बाहेरून गारच लागते आणि आत एखाद्या जागी दूध कढत असतं.

म्हणजे मी आणि आई ज्या तीन-चार अंशांवरून भांडत होतो त्यांनी कन्येला काहीही फरक पडत नव्हता.

* * *

फरक पडत होता तो डॉक्टरांच्या पहिल्या प्रश्नाने. पावडर घालताना पाणी किती गरम? हा प्रश्न मात्र त्या मानाने अगदी नवा आहे.

आपली समजूत अशी की डब्यातली पावडर म्हणजे निर्जंतुक. तशी ती नसते. पातळ, तयार दूध डब्यात बंद करून निर्जंतुक करता येतं, पावडर तशी करता येत नाही. तिच्यात एक जंतू कोरड्यात महिनोन् महिने तग धरून राहू शकतो. १९८० साली त्याला जपानी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिइची साकाझाकी यांचं नाव दिलं गेलं. २००१ साली अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या एका इस्पितळाच्या नवजात कक्षात याचा उद्रेक झाला, एक बाळ दगावलं, आणि धागा पावडरपर्यंत पोचला. पुढे या जंतूंच्या कुळाचं नाव बदलून 'क्रोनोबॅक्टर' ठेवलं, स्वतःची मुलं गिळणाऱ्या ग्रीक पुराणातल्या क्रोनसवरून. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावी की अंगावर काटा येऊ द्यावा, कळत नाही. असे रुग्ण फार क्वचित आढळतात, पण आढळतात तेव्हा बहुतेक अगदी लहान किंवा अपुऱ्या दिवसांची बाळं असतात, आणि त्यातली बरीच वाचत नाहीत.

म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं: पाणी उकळा आणि ते ७० अंशांच्या खाली जायच्या आत पावडर घाला. मग बाटली गार पाण्याखाली धरून पटकन निववा, थेंब मनगटावर पाडून बघा आणि पाजा. दोन तासांत संपलं नाही तर ओतून द्या. आधी करून ठेवायचंच असेल तर लगेच ५ अंशांच्या खाली, फ्रीजमध्ये, तेही जास्तीत जास्त चोवीस तास. पुन्हा गरम करायला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ नको.

यावर सगळ्यांचं एकमत आहे असं नाही. बऱ्याच डब्यांवर आजही उकळून कोमट केलेलं पाणी वापरा असंच छापलेलं असतं. खूप गरम पाण्याने काही जीवनसत्त्वं कमी होतात आणि भाजायचा धोका वाढतो, असं म्हणणारे तज्ज्ञही आहेत. सीडीसी गरम पाण्याचा सल्ला खास करून दोन महिन्यांच्या आतल्या, अपुऱ्या दिवसांच्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या बाळांसाठी देते. आमची कन्या त्यातल्या दोन रकान्यांत बसत होती. आणि मी डबा वाचला होता, पण प्रश्न विचारला नव्हता.

या सगळ्या तापमानांच्या यादीत एक आकडा आपल्या मुंबईतही भेटतो. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातली पहिली. त्याआधीच त्यांनी नवजात कक्षात डब्यातल्या दुधाऐवजी आईच्या दुधावर भर दिला होता, कारण जंतुसंसर्गाने जाणारी बाळं त्या डोळ्यांनी बघत होत्या. दुग्धपेढीत दुसऱ्या आईने दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवतात, मग निववून उणे २० अंशांत गोठवतात. उकळत नाहीत, कारण आईच्या दुधातलं जे संरक्षण आहे त्यातलं होईल तेवढं वाचवायचं असतं. ६२.५ हा अशा दोन गरजांच्या मध्ये शोधलेला आकडा आहे. आणि ज्या बाळाला थेट अंगावर पाजता येतंय त्याच्यासाठी यातलं एकही तापमान लक्षात ठेवावं लागत नाही. म्हणूनच डॉक्टर सुरुवातीपासून बायकोच्या मागे लागल्या होत्या, "बाटली ही तात्पुरती, तिची सवय करू नका."

* * *

आता आमच्याकडे काय बदललं ते सांगतो आणि थांबतो.

ते यंत्र माळ्यावर गेलं. रात्री झोपताना उकळतं पाणी चांगल्या थर्मासमध्ये काठोकाठ भरून ठेवायला लागलो, भरलेल्या बंद थर्मासमध्ये ते काही तास ७० च्या वर राहतं. पावडर वेगळी. पोर उठलं की पाणी, पावडर, मग बाटली नळाखाली. चार मिनिटं जास्त लागतात. त्या चार मिनिटांत तिला खांद्यावर घेऊन हॉलमध्ये फेऱ्या मारायच्या. उरलेलं दूध सरळ बेसिनमध्ये. पहिल्यांदा ओतलं तेव्हा आईचा जीव कासावीस झाला, दूध असं ओतून देतात का! मग स्वतःच म्हणाली, "जाऊ दे. विरजण लागलेलं कोण पाजतंय?"

तिसऱ्या महिन्यात अंगावरचं दूध बरंच वाढलं आणि वरचं दिवसातून एकदाच उरलं. तेव्हा आईने तिच्या आईचं चांदीचं बोंडलं काढलं. डॉक्टरांनी ते हातात घेऊन उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "उत्तम. तोंड उघडं आहे, चोचही उघडी, सगळीकडे हात पोचतो. रोज उकळा म्हणजे झालं." मला त्या लांब रबरी नळ्या आठवल्या.

आणि मनगट? ते आहेच. दूध भाजणारं नाही ना, एवढंच मनगटाला विचारायचं असतं, आणि त्या प्रश्नाला त्याच्याइतकं चांगलं उत्तर माझ्या कुठल्याच यंत्राने दिलेलं नाही. ते दूध गेले चार तास कुठे होतं, हा लॉग मात्र मनगटाला वाचता येत नाही. तो ठेवायचं काम आपलं.

काल रात्री पावणेतीनला पुन्हा तिघं स्वयंपाकघरात. आईने बोंडल्यातून दोन थेंब मनगटावर पाडले.

"गार आहे," ती म्हणाली.

"चालतं," मी म्हटलं.

"माहितीये मला," म्हणाली, आणि नातीला मांडीवर घेतलं.